आकड्यापुढची चांदणी

मित्रांनो, उदगीरच्या एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये, खिडकीशेजारी निळ्या खोळीखाली जो गप्प बसलेला दिसतो, तो जुना मायक्रोस्कोप म्हणजे मी.

उस्मानाबादेतून लातूर वेगळा जिल्हा झाला, त्याच साली मी इथे आलो. मला हळदकुंकू लावलं, पेढे वाटले. माझ्या आधी इथे एक पितळी मायक्रोस्कोप होता. मी आलो आणि तो माळ्यावर गेला. त्याला काय वाटलं असेल, हे तेव्हा माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

माझा माणूस म्हणजे गुरुलिंग. सगळे त्यांना अप्पा म्हणतात. ते रक्ताचा थेंब काचेवर पसरत, जांभळा रंग घालत, पाण्याने धूत, वर तेलाचा थेंब टाकत आणि काच माझ्या भिंगाखाली ठेवत. मग शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या. अप्पांची मोजणी चिंचोक्यांची. एक पेशी दिसली की एक चिंचोका वाटीत. पेशींच्या दोन मुख्य जाती, म्हणून दोन वाट्या.

पुढे लातूरला हृदयाच्या नसेत जाळी बसवून आलेले लोक येऊ लागले. तिथले डॉक्टर दर तीन महिन्यांनी त्यांच्या पेशी मोजायला सांगत. एका वाटीत चिंचोके फार वाढले आणि दुसरीत फार घटले, तर त्या माणसाला पुढची वर्षं जास्त जपावं लागतं, असं अप्पा सांगत. एवढ्यावरून कुणाचं भविष्य ठरत नाही, पण सावध होता येतं.

अक्षरं मला फार उशिरा आली. वीस वर्षं मी नुसत्या पेशी पाहिल्या. शेजारी रिपोर्ट उघडे पडलेले असत, ते पाहून एकेक अक्षर जुळवत गेलो.

मग ते आलं. पांढरंशुभ्र मशीन. आता उदगीर वेगळा जिल्हा होणार, मोठा दवाखाना होणार, अशी गावभर बोलवा होती, म्हणून मालक अण्णारावांनी हौसेने घेतलं. त्यालाही पेढे. एका मिनिटात सगळे आकडे छापून बाहेर. ते चालवायला पंचशीला नावाची हुशार मुलगी आली. ती रोज त्याला मऊ फडक्याने पुसायची. माझ्या भिंगावर जुनं तेल वाळून गेलं होतं. मी जळायचो, मित्रांनो. त्याचा घरघर आवाज आला की वाटे, एकदा तरी चुकावं याने. चारचौघांत चुकावं.

लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात मालकांनी फर्मान काढलं, "आता काचा धुणं बंद. प्यायला पाणी न्हाई अन् काचा कशाला?" मशीनला विकतच्या बाटल्यांमधलं औषधी पाणी मिळत राहिलं. मला तांब्याभरही नाही. मला खोळ घातली गेली.

एका सकाळी टँकरचे ड्रायव्हर ज्ञानोबा आले. जाळी बसवून तीन महिने झाले होते. मशीनने कागद दिला आणि पंचशीलेचा चेहरा उतरला. रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी, प्लेटलेट, निघाल्या अडतीस हजार. निदान दीड लाख तरी असाव्या लागतात. ज्ञानोबांनी गावातल्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सांगितलं, इतक्या कमी असतील तर रक्त पातळ करायच्या गोळ्या आजपासून बंद.

गोळ्यांचं पाकीट हातात धरून ज्ञानोबा म्हणाले, "लातूरवाले म्हणले, एक दिस बी चुकवू नका. हे म्हणतेत बंद करा. म्या कुणाचं ऐकू, अप्पा?"

अप्पांनी कागद घेतला. "बंद केल्या अन् जाळीत गुठळी झाली तर? जिवावर बेतंल. पंचशीला, आकड्यापुढं ही चांदणी कशाची?"

"मशीन छापतंय ती. शंका आली की काच बघा म्हणून. पण मालकांनी काचा बंद केल्यात. पाणी कुठंय?"

"पाण्यापायी अडून राहिलं व्हय?" ज्ञानोबा हसले. "भाईर सहा हजार लिटर उभं हाय की!"

"बोअरचं जड पाणी न्हाई चालत," अप्पा म्हणाले. "रंगाचे खडे धरतेत काचेवर."

ज्ञानोबांनी काखेतली प्यायची बाटली काढली. "हे घ्या. फिल्टरचं हाय. दिसभराचं पाणी हाय माझं, जरा हात राखून सांडा."

खोळ निघाली. अप्पांनी माझं भिंग पुसलं, आणि मी पाहिलं. प्लेटलेट कमी नव्हत्याच! मोहोळासारखे त्यांचे घोसच्या घोस बसले होते. रक्त गोठू नये म्हणून नळीत जे औषध असतं, त्यानेच त्या एकमेकींना चिकटल्या होत्या, आणि मशीनने फक्त सुट्या मोजल्या होत्या.

चुकलं! मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू. मग ज्ञानोबांकडे लक्ष गेलं. ते पाकीट तसंच धरून बसले होते. मी आनंद करत होतो तो कशाचा? मला माझीच लाज वाटली.

अप्पांनी दुसऱ्या औषधाच्या नळीत पुन्हा रक्त घेतलं. मशीनने छापलं, एक लाख नव्वद हजार. चांदणी नाही. अप्पांनी लातूरच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, गोळ्या चालू ठेवा.

ज्ञानोबांनी बाटलीत उरलेल्या दोन घोटांवर तिथेच गोळ्या गिळल्या. जाताना मशीनवर हात ठेवून म्हणाले, "वाचवलंस रे बाबा." माझ्याकडे कुणी पाहिलंही नाही.

दुपारी पंचशीलेने काचा बंद झाल्यापासूनचे रिपोर्ट काढले. ज्यांच्यावर चांदणी होती, ते सगळे माझ्या शेजारी ठेवले. एकेकाला फोन करून पुन्हा बोलवायचं होतं. केवढा गठ्ठा! मी वाचत गेलो. म्हणजे इतके दिवस हे मशीन मलाच बोलावत होतं, आणि मी खोळीखाली त्याच्या चुकीची वाट पाहत होतो.

मित्रांनो, माझा मत्सर अगदी गेला असं मी म्हणणार नाही. पेढ्यांची आठवण आली की अजून टोचतं. पण तुम्ही नवं घरात आणाल, तेव्हा जुन्याच्या भिंगावरचं तेल पुसून ठेवा. नव्याला कधी शंका आली, तर त्याला विचारायला कुणीतरी शेजारी असावं.

परवा पंचशीलेने माळ्यावरचा तो पितळी म्हातारा खाली काढला, पुसला आणि माझ्या बाजूला ठेवला. त्याच्याशी पहिला शब्द काय बोलावा, ते मला अजून सुचलेलं नाही.