आत्याबाईंची मिठी

एकदा मी धुतलेला सदरा वाऱ्यावर वाळत घातला, तर तो उडत उडत परमुलखात गेला आणि तिथून इस्त्री होऊन परत आला. हे मी चारचौघांत सांगितलं, तेव्हा लोकांनी फक्त एवढंच विचारलं, "इस्त्री कडक होती का?" आणि माझी सून मात्र साधी खरी गोष्ट सांगत होती, तर कुणाला पटेना.

सूनबाई खुर्च्या-सोफ्यांच्या कारखान्यात गाद्या ठोकते. तिला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. त्यात नसांवरचं वेष्टण झिजतं, वायर उघडी पडावी तसं. मान खाली घातली की पाठीतून करंट जातो. तळपाय नुसते भाजतात, रात्री पांघरूणही सोसत नाही. आणि बरगड्यांभोवती न दिसणारा पट्टा आवळला जातो. त्या पट्ट्याला तिनं नाव ठेवलंय आत्याबाई. "आल्या की मिठी मारतात, मामंजी, आणि जायचं नाव घेत नाहीत!" मला चहाचा चटका बसला तर मी आठवडाभर घर डोक्यावर घेतो. ही बया तोंडात खिळे धरून हसते.

कारखान्याच्या मालकाचा एक नियम होता: बसायच्या वस्तू बनवणाऱ्यानं कामावर बसायचं नाही. चहूकडे खुर्च्याच खुर्च्या आणि माणसं सगळी उभी! त्यात सूनबाईचं टेबल गोंद तापवायच्या शेगडीला लागून. उष्णतेनं तिचं दुखणं आणखी चेकाळतं. तिनं एक स्टूल आणि खिडकीजवळची जागा मागितली.

मालक म्हणाला, "दिसतेस तर ठणठणीत. उभ्यानं जमत असेल तर उद्या ये, नाहीतर घरीच राहा."

घरी येऊन ती म्हणाली, "हातोडी सुटली, तर माझ्याकडे नुसतं दुखणं उरेल, मामंजी."

दुसऱ्या दिवशी मीही तिच्याबरोबर निघालो. वाटेत तिनं बजावलं, "तुम्ही तोंड उघडायचं नाही हं. तुमची कीर्ती मोठी आहे."

पण माझं तोंड कुठलं ऐकतंय! करंट, भाजणारे तळपाय, आत्याबाई, सगळं मी जसंच्या तसं सांगितलं. मीठमिरची नाही, काही नाही. कारागीर पोट धरून हसले.

"आजोबा," मालक डोळे पुसत म्हणाला, "सदऱ्याची थाप बरी होती. ही फारच झाली!"

सूनबाईनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मग खुर्चीच्या तळाला लावतात तो कॅनव्हासचा जाड पट्टा उचलला.

"मालक, जरा हात वर करा."

"कशाला गं?"

"माप घेते."

त्यानं भाबडेपणानं हात वर केले. तिनं पट्टा छातीभोवती गुंडाळला, खुर्चीला ताणतात तसा ताणला आणि सैल पडू नये म्हणून शिकंजा लावून टाकला.

"आता ही गादी ठोका."

चारचौघांसमोर माघार कशी घ्यायची? मालकानं हातोडी घेतली. तेवढ्यात एक गिऱ्हाईक बाई आत आल्या. "या सोफ्याला निळा रंग मिळेल का?"

"हसून बोला हं, मालक," सूनबाई हळूच म्हणाली. "मी रोज बोलते."

"नि... निळा..." मालकाला पुढचा शब्द काढता येईना. कपाळावर घाम आला. पुढचा घाव अंगठ्यावर बसला. "सोड, सोड! श्वास पुरेना!"

तिनं शिकंजा सैल केला. "तुमचा मी सोडला. माझा कोण सोडणार? आणि हा नुसता पट्टा. करंट आणि निखारे अजून दाखवलेच नाहीत."

आता कुणी हसलं नाही. मालक छाती चोळत आत गेला आणि एक उंच स्टूल घेऊन आला. ते त्यानं स्वतः खिडकीजवळ ठेवलं.

"पाय जरा डुगडुगतोय याचा," तो पुटपुटला.

"माझेही डुगडुगतात. चालेल." तिनं स्टूल उलटं केलं, दोन खिळे मारले आणि वर चढून बसली.

दुखणं काही गेलं नाही. एखाद्या दिवशी तिला उठवतही नाही. पण ती कामावर गेली की मालक दारातूनच विचारतो, "आत्याबाई आल्यात का?"

"ठाण मांडून बसल्यात."

"मग आज छोट्या खुर्च्या घे."

ही हकीकत मी हल्ली सगळीकडे सांगतो. पट्टा इतका आवळला की मालक फुग्यासारखा छताला जाऊन चिकटला आणि त्याला शिडी लावून उतरवावं लागलं, असंही सांगतो. छताचं लोकांना लगेच पटतं. त्या मिठीत ती दिवसभर खिळे ठोकते आणि वर गाणं गुणगुणते, हे मात्र अजून कुणाला खरं वाटत नाही.