आक्षेप नसेल तर

बायको जाऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हा मुलीने मला त्या परिषदेला नेलं. मी नको म्हणत होतो. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही घरात भिंतीशी बोलता. शेजारच्या मावशींनी सांगितलंय मला." भिंतीशी नाही, मी तिच्या आईच्या फोटोशी बोलतो. पण ते सांगून काही फरक पडला नसता, म्हणून बॅग भरली.

बायको गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या फोडण्याच्या शेडमध्ये कामाला होती. बॅटरी फोडायची, आतलं शिसं काढायचं, ते वितळवून त्याच्या विटा पाडायच्या. ते शिसं हळूहळू अंगात साठत गेलं आणि शेवटी किडन्या गेल्या. मी लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर होतो. निम्मा महिना रस्त्यावर जायचा. घरी आलो की ती म्हणायची, "आले पाहुणे. चहा घेणार, की मुक्कामाला आहात?"

परिषद याच कामाबद्दल होती, आमच्याच देशातल्या एका मोठ्या शहरात भरलेली. बरेच देश मिळून शिशाच्या कामासाठी एक नियमावली करत होते. आमच्या देशातल्या विद्यार्थ्यांच्या आणि तरुण कामगारांच्या संघटनांनी मतदान करून माझ्या मुलीला तरुणांची प्रतिनिधी म्हणून पाठवलं होतं. लहानपणी ती झोपायच्या वेळेवरूनही वाद घालायची, म्हणून तिची आई तिला वकीलबाई म्हणायची. पुढे संघटनेतही तेच नाव पडलं. त्या नियमावलीत तिला एकच वाक्य हवं होतं. अठरा वर्षांखालच्या कुणालाही या कामावर ठेवू नये. मसुद्यात ते वाक्य होतं. शेवटच्या दिवसापर्यंत ते टिकवायचं, एवढंच तिचं काम.

शेवटच्या दिवशी सकाळी आम्ही तिथल्या कँटीनमध्ये बसलो होतो. आमच्या देशाच्या वतीने बोलणाऱ्या सरकारी बाई आमच्या टेबलावर आल्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत. चेहऱ्यावरून त्या धड झोपलेल्या दिसत नव्हत्या.

"काका, तुमच्या मुलीने माझं डोकं खाल्लंय," त्या म्हणाल्या.

"मॅडम, तुमचं डोकं सरकारी आहे," मुलगी म्हणाली. "ते खायचं म्हणजे आधी टेंडर काढावं लागेल."

मॅडम हसल्या, पण हसणं लवकर संपलं. दोन मोठ्या देशांनी रात्रीतून दुरुस्ती आणली होती. अठराच्या जागी सोळा, आणि पुढे 'योग्य प्रशिक्षण दिले असल्यास'.

"आपलं म्हणणं काय?" मुलीने विचारलं.

"आपल्याला वरून सूचना आहे, गप्प बसा."

"तिथे गप्प बसणं म्हणजे हो म्हणणं असतं, मॅडम."

"मला शिकवतेस?" त्या म्हणाल्या. रागावून नाही, थकून. उठताना त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

त्या गेल्यावर मुलीने मला तिथली पद्धत समजावून सांगितली. त्या सभागृहात मतदान करत नाहीत. अध्यक्ष मजकूर वाचतात आणि विचारतात, आक्षेप नसेल तर मंजूर समजायचं का? प्रत्येक देशापुढे नावाची पाटी आडवी ठेवलेली असते. आक्षेप असेल त्याने पाटी उभी करायची. कुणीच केली नाही, की अध्यक्ष लाकडी हातोडा आपटतात आणि झालं. तरुणांच्या प्रतिनिधींना पाटी नसते. त्यांनी मागच्या रांगेत बसायचं आणि बोलावलं तर शेवटी दोन मिनिटं बोलायचं.

"आणि नाही बोलावलं तर?"

"तर फोटो काढून घरी जायचं. फोटोला मात्र आम्हाला पुढे उभं करतात."

मी वर पाहुण्यांच्या सज्जात जाऊन बसलो. खुर्चीला इअरफोन होता. खाली परकी भाषा चालायची आणि कानात एक दुभाषी बाई आपल्या भाषेत सांगायची. आवाज सपाट, बसस्टँडवर गाड्या पुकारतात तसा.

दुरुस्तीची वेळ जवळ आली आणि मॅडमचा फोन आला. वरून कुणी मोठा माणूस असावा, कारण त्या एकदम उठल्या. तिथे आणखी एक रीत आहे. मंजुरीच्या वेळी पुढची खुर्ची रिकामी दिसता कामा नये. आदल्या दिवशी अध्यक्षांनी एका देशाला त्यावरून सगळ्यांदेखत सुनावलं होतं. मॅडमनी मागे वळून पाहिलं, माझ्या मुलीला खुणेने पुढे बोलावलं, आपल्या खुर्चीत बसवलं आणि तिच्या कानाशी काहीतरी सांगून घाईने बाहेर गेल्या. काय सांगितलं ते मला नंतर कळलं. "नुसती बस. कशाला हात लावू नकोस."

मला वरून तिची पाठ दिसत होती. अध्यक्षांनी दुरुस्ती वाचली. कानात आलं, "सोळा वर्षे, योग्य प्रशिक्षण दिले असल्यास. आक्षेप नसेल तर—"

मुलीने पाटी उभी केली.

आधी मला वाटलं, चुकून धक्का लागला असेल. अध्यक्षांनी चष्मा वर केला आणि आमच्या देशाचं नाव घेतलं. मुलीच्या माइकवरचा लाल दिवा लागला. मी सज्जाच्या कठड्याशी वाकलो.

ती त्या परक्या भाषेत बोलू लागली. तिचा आवाज लांबून यायचा, आणि जरा मागून माझ्या कानात दुभाषीचा. "माझी आई या कामावर होती. ती मागच्या वर्षी गेली." हे येणार, एवढा अंदाज मला होता.

मग दुभाषी म्हणाली, "मीही त्या शेडमध्ये काम केलं आहे. तेव्हा मी चौदा वर्षांची होते."

मला वाटलं, बाईची काहीतरी चूक झाली.

"आईची मनगटं लुळी पडली होती. तिला हातोडी उचलवत नव्हती. तिच्या वाटच्या बॅटऱ्या मी फोडायचे आणि ती माझ्यापुढे बसायची, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला ती काम करतेय असं दिसायचं. मुकादमाला सगळं माहीत होतं. तुम्ही प्रशिक्षण म्हणता. मला प्रशिक्षण दिलं होतं. पहिल्या दिवशी मुकादम म्हणाला, हात तोंडात घालू नकोस. प्रशिक्षण संपलं. सगळ्या सुट्टीभर मी तिथे होते. त्याच्या पुढच्या सुट्टीतही. माझ्या वडिलांना—"

दुभाषी थांबली. कानात नुसती खरखर. मग ती हळू आवाजात म्हणाली, "क्षमस्व," आणि वाक्य पुरं केलं. "माझ्या वडिलांना हे अजून माहीत नाही."

शेजारी एक परदेशी म्हातारा बसला होता. त्याला वाटलं, मला काही होतंय. त्याने पाण्याची बाटली पुढे केली. मी ती घेतली आणि नुसती धरून बसलो.

अध्यक्षांनी विचारलं, "हा आपल्या देशाचा आक्षेप समजायचा का?" मुलगी म्हणाली, "हो." अध्यक्षांनी काही वेळ कामकाज थांबवलं.

खाली आलो तेव्हा मॅडम व्हरांड्यात तिच्यासमोर उभ्या होत्या. चेहरा पांढराफटक.

"तू देशाच्या नावाने बोललीस. काय केलंस कळतंय तुला?"

"कळतंय."

"मला आता आत जाऊन सांगावं लागेल, ते आमचं म्हणणं नव्हतं म्हणून. मग सोळाच होईल. आणि माझं काय व्हायचं ते वेगळंच." त्यांनी हात पुढे केला. मुलीने गळ्यातलं ओळखपत्र काढून दिलं. मग मॅडमचं लक्ष माझ्याकडे गेलं. "काका, ही असं करणार हे तुम्हाला माहीत होतं?"

"नाही."

"आणि शेडचं?"

मी नाही अशी मान हलवली. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग ओळखपत्र मुठीत घेऊन आत गेल्या.

मुलगी आणि मी समोरासमोर उभे होतो. बसच्या ब्रेकवर पाय ठेवावा आणि पाय नुसता खाली जावा, तसं मला आतून होत होतं. एकदा घाटात झालं होतं तसं.

"आई म्हणायची मनगट धुण्याने दुखतं," मी म्हणालो.

"हो."

"तू मामीकडे जायचीस ना सुट्टीत?"

"सकाळी मामीकडे जाते म्हणून निघायचे. तुम्ही गाडीवर असायचात. घरी असलात की आई मला खरंच मामीकडे पाठवायची."

"सांगायचं नाही मला?"

"तिने शपथ घातली होती. म्हणाली, बाबांना कळलं तर ते मुकादमाच्या अंगावर बस घालतील."

घातलीही असती. तिला मी नीट ठाऊक होतो.

"मग आज कशी मोडलीस?"

"आज सोळा होत होतं, बाबा."

कामकाज पुन्हा सुरू होत असल्याची घंटा झाली. ओळखपत्र नव्हतं, म्हणून ती माझ्याबरोबर वर सज्जात आली. मी कानाला इअरफोन लावला नाही. तीच माझ्या कानाशी सांगत होती. अध्यक्ष म्हणाले, एका देशाचा आक्षेप आला आहे. तो मागे घेतला जात नसेल, तर दुरुस्ती पडेल आणि मूळचं अठराचं वाक्य राहील. मग त्यांनी आमच्या देशाच्या खुर्चीकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

मॅडम पाटीसमोर बसल्या होत्या. त्यांनी माइककडे हात नेला नाही. त्यांना गप्प बसायची सूचना होती आणि त्या गप्प बसल्या. सोळा आणणाऱ्या दोन देशांची माणसं एकमेकांशी कुजबुजत होती. एकाचा हात पाटीपर्यंत गेला, पण त्या पोरीनंतर पहिली पाटी आपली दिसावी असं त्यालाही वाटलं नसावं. हात परत आला.

"आक्षेप नसेल तर," मुलगी माझ्या कानाशी म्हणाली, आणि खाली हातोडा वाजला.

लोक टाळ्या वाजवत उठले. काही तरुण पोरं वर बघून तिला हात करत होती. तिने एकदाच हात वर केला. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. माझं डोकं अजून त्या शेडमध्ये होतं. चौदा वर्षांची असताना तिला दोन वेण्या असायच्या. ती धूळ त्या वेण्यांत बसत असेल. रात्री मी गाडीवरून आलो की ती दार उघडायची, आणि मी त्याच डोक्यावरून हात फिरवायचो.

"रक्त तपासलंस का कधी?" मी विचारलं.

ती खाली रिकाम्या होणाऱ्या सभागृहाकडे बघू लागली.

"आईचं तपासलं तेव्हा?"

"तेव्हा आईचंच चाललं होतं ना. घाबरले मी, बाबा."

इमारतीत तळमजल्यावर दवाखान्याची खोली होती. तिथल्या नर्सने ऐकून घेतलं आणि म्हणाली, आम्ही इथे ताप बघतो, ब्लडप्रेशर बघतो, शिशाची तपासणी होत नाही. सगळी इमारत आठवडाभर शिशावर बोलत होती. नर्सने मागच्या रस्त्यावरच्या एका लॅबचा पत्ता दिला.

बाहेर पायऱ्यांवर तिच्याबरोबरची पोरं फोटोसाठी उभी होती. एकीने तिला हाक मारली. "वकीलबाई, तुझ्याशिवाय फोटो कसा काढायचा?"

"पुढे कुणालातरी उभं करा," ती म्हणाली, आणि माझ्याबरोबर चालू लागली.

लॅबमध्ये काउंटरवरच्या मुलाने विचारलं, कशाची तपासणी. एवढ्या मोठ्या सभागृहात बोललेली माझी मुलगी तिथे तोंड उघडेना. मी म्हणालो, "शिसं." त्याने नाव, वय लिहून घेतलं, आत नेऊन रक्त घेतलं, दंडावर कापूस लावून दिला.

"रिपोर्ट परवा संध्याकाळी," तो म्हणाला. "गावातले नाही वाटतं तुम्ही. ई-मेलवर पाठवू का?"

"आमची उद्या सकाळची गाडी आहे," मुलगी म्हणाली. "पाठवा ई-मेलवर."

"नको," मी म्हणालो. "आम्ही थांबतो."