दुसऱ्याच मुलीचं शिफारसपत्र

वडील गेले आणि घर ताईला खायला उठलं. इतकी वर्षं पाणी शुद्धीकरण केंद्रातली ड्यूटी संपली की ती धावतपळत घरी यायची. अंथरुणाला खिळलेल्या वडिलांना कुशीवर वळवायचं, औषध द्यायचं, पेपर वाचून दाखवायचा. आता ती कुलूप उघडून आत यायची, लाइट लावायची आणि चपला न काढताच थोडा वेळ उभी राहायची.

प्रयोगशाळेत तरी कुठे कोणाशी बोलणं होतं! बाटल्यांतून पाण्याचे नमुने यायचे. ती क्लोरीन तपासायची, गढूळपणा मोजायची आणि फोनवर साहेबांना कळवायची, "ठीक आहे." एखाद्या दिवशी तेवढेच दोन शब्द तिच्या तोंडून बाहेर पडायचे. केंद्रात सगळे तिला ताई म्हणत, तिच्याहून मोठे शिपाईमामासुद्धा.

बी.एस्सी. झाली तेव्हा तिला भूजलशास्त्रात एम.एस्सी. करायचं होतं. जमिनीखालचं पाणी कुठून येतं, कुठे अडतं, कुठे वळतं, याचं तिला वेडच होतं. त्या वर्षी घरात दोन प्रवेश आले होते, एक तिचा आणि एक धाकट्या भावाचा. तेवढ्यात वडील पडले. भाऊ शिकायला गेला आणि ती राहिली. कोणी तिला राहा म्हणालं नव्हतं, जा असंही म्हणालं नव्हतं. "पुढच्या वर्षी बघू" म्हणता म्हणता चाळिशी उलटली.

नोकरी करणाऱ्यांना पुन्हा शिकता यावं म्हणून विद्यापीठाने शिष्यवृत्ती काढल्याचं तिने वाचलं, आणि कोणाच्याही कानावर न घालता अर्ज करायला घेतला. शिफारसपत्रं दोन हवी होती. एक साहेबांनी दिलं. "या वयात परीक्षा? मला तर नुसतं आठवलं तरी नको वाटतं," ते म्हणाले. "रजा मात्र बिनपगारी मिळेल हं, ताई."

दुसरं पत्र कॉलेजातल्या शिक्षकाचं हवं होतं. भूगर्भशास्त्राचे सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. पत्ता शोधून ती एका रविवारी सकाळी त्यांच्याकडे गेली. दार सरांनीच उघडलं. कॉलेजचं नाव ऐकून त्यांनी तिच्याकडे निरखून पाहिलं आणि एकदम हसले.

"अगं, तू ती नाही का! दगड गोळा करायला गेलो होतो तेव्हा नदीत पडलीस आणि हातोडा वर धरून बाहेर आलीस! ये, ये. तुला कोण विसरेल?"

सर इतके खूश झाले होते की मध्येच तोडायचं तिच्या जिवावर आलं. त्यांनी बायकोला चहा टाकायला सांगितलं, टेबलाशी बसून झरझर पत्र लिहिलं आणि पाकीट न चिकटवताच तिच्या हातात ठेवलं.

जिन्यात थांबून तिने ते वाचलं. धाडसी, बोलकी, शिक्षकांशी वाद घालायला न कचरणारी, वर्गाचा प्राण. असलं पत्र वाचून कोणीही डोळे झाकून प्रवेश दिला असता. ती मुलगी ताईला चांगली आठवत होती. दोन वेण्यांची, मोठ्याने हसणारी. खाली फाटकापर्यंत जाऊन ताई परत फिरली. पुन्हा जिना चढताना तिला धाप लागली.

"सर, नदीत पडलेली मी नव्हे."

"मग तू कुठे होतीस?"

"काठावर. सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत."

सर हसले नाहीत. "मला तू आठवत नाहीस, बाळ. खोटं कशाला बोलू?"

हे तिला अपेक्षितच होतं, तरी डोळे भरून आले. सरांनी समोरची खुर्ची ओढली. "बस. आता तूच सांग."

काय सांगायचं? तिने केंद्राच्या कुंपणाजवळच्या एका बोअरबद्दल सांगायला सुरुवात केली. उन्हाळ्यात आसपासच्या बोअरचं पाणी तसंच राहतं, याच एका बोअरमध्ये लोह वाढतं. का, ते तिला इतक्या वर्षांत उमगलं नव्हतं. सर खडकाबद्दल, उताराबद्दल विचारत गेले आणि ती बोलत गेली. चहा निवला, पुन्हा आला. मध्येच तिचा आवाज बसला, तेव्हा तिच्या लक्षात आलं, वडील गेल्यापासून आपण सलग एवढं कधी बोललोच नाही.

सरांनी पहिलं पत्र फाडलं. दुसरं अगदी छोटं होतं. "विद्यार्थिनी म्हणून ही मला आठवत नाही. आज हिच्याशी पुष्कळ बोललो. हिच्याकडे एका बोअरच्या पाण्याबद्दलचा प्रश्न आहे आणि इतक्या वर्षांत तो हिने टाकून दिलेला नाही. हिला प्रवेश द्यावा."

मुलाखतीला गेली तेव्हा ते पत्र समितीच्या अध्यक्षबाईंच्या पुढ्यात होतं. त्यांनी पहिला प्रश्न त्या बोअरबद्दलच विचारला. महिन्याभरात निकाल लागला. प्रवेश मिळाला होता आणि फी पूर्ण माफ झाली होती. राहण्याजेवणाचा खर्च मात्र ज्याचा त्याने करायचा होता. पगार बंद होणार, म्हणजे कर्ज आलं, आणि बँकेला जामीनदार म्हणून सही करणारं कोणीतरी हवं होतं. तिला भावाशिवाय कोण होतं? तो परदेशात स्थायिक झालेला, सणावारी फोन करणारा. तिने मन घट्ट केलं. तो काय काय म्हणेल आणि आपण काय उत्तर द्यायचं, याची तिने अनेक दिवस मनातल्या मनात तयारी केली.

"कॉलेजसाठी? हो, हो, करतो ना सही," भाऊ म्हणाला. मागे गाडीचा आवाज येत होता. "पाठवून दे. ताई, तू काही काळजी करू नकोस."

ती थांबली. कोणतं कॉलेज, कोणता विषय, एकटी कुठे राहशील, काहीतरी तो विचारेल असं तिला वाटलं.

"बाकी ठीक?" त्याने विचारलं.

"ठीक आहे."

त्याची सही ईमेलने संध्याकाळच्या आत आली. भावजयीने अंगठा वर केल्याचं चित्र पाठवलं. ज्याच्या भीतीने झोप उडाली होती ते काम चुटकीसरशी झालं, आणि ताई स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून रडली. तो नाही म्हणाला असता तर निदान भांडण तरी झालं असतं. जुनं काहीतरी निघालं असतं, त्याला सुनावता आलं असतं.

जून संपताना तिने शेजाऱ्यांकडे किल्ली दिली आणि विद्यापीठाजवळ एक खोली घेतली. एक खाट, एक टेबल, खिडकीतून दिसणारा सायकलस्टँड. पहिल्या दिवशी ती वर्गात शिरली तर सगळी मुलं उठून उभी राहिली.

"बसा, बसा," ती गडबडून म्हणाली. "मीही विद्यार्थीच आहे."

वर्गात हशा पिकला. मग सगळेच अवघडले. मुलं चांगली होती. तिला वाट करून देत, "मॅडम" म्हणत. पण तिच्या शेजारच्या बाकावर कोणी बसत नसे.

प्रयोगशाळेतलं काम तिला सहज जमे, गणिताने मात्र तिच्या नाकीनऊ आणले. पहिल्या चाचणीत ती कशीबशी पास झाली. पेपर हातात घेऊन तिने फोन काढला, नावं खालीवर केली आणि परत ठेवून दिला. मग पुढच्या बाकावरच्या मुलीला म्हणाली, "हे प्रवाहाचं उदाहरण मला अजिबात कळलं नाही गं."

मुलगी वळली. "मलापण नाही. मला वाटलं तुम्हाला सगळं येतं."

"मला कुठलं येतंय!"

दोघी मिळून गणिताच्या मॅडमच्या केबिनमध्ये गेल्या. मॅडमनी फळ्यावर आकृती काढून समजावलं. मुलीच्या डोक्यात पटकन प्रकाश पडला, ताईच्या अर्धाच. बाहेर आल्यावर मुलगी "येते हं" म्हणून हात हलवून मैत्रिणींकडे पळाली. ताई कॅन्टीनमध्ये गेली, एकटीनेच चहा घेतला, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर कागद पसरून तेच उदाहरण पुन्हा पहिल्यापासून सोडवायला बसली.