दहा घरांतलं पाचवं

तिने फडक्यावर टर्पेंटाइन ओतलं आणि टेलरकाकूंच्या दाराशेजारचा ‘रा’ पुसायला घेतला. रंग अजून ओला होता. लाल ओघळ पार कट्ट्यापर्यंत उतरला होता, तो तिने आधी टिपला, मग अक्षराला हात घातला. डाव्या हाताने तिने उजव्याचं मनगट घट्ट धरलं.

भर दुपार होती. नदीकडे पाठ करून उभ्या असलेल्या त्या दहा घरांच्या ओळीत चिटपाखरू नव्हतं. आठवड्याचा बाजार होता, आणि ओळीतली सगळी माणसं आपापला माल घेऊन मैदानात बसली होती. कुणी आलंच असतं तरी त्याला काय दिसलं असतं? पेंटरबाई भिंतीपाशी उभी, पायाशी डबा, हातात ब्रश. नवऱ्याला झटका आल्यापासून दोन वर्षं गावातल्या पाट्या तीच रंगवत होती. तिला असं पाहून कुणी थांबलंही नसतं. तरी पुलावर सायकलची घंटा वाजली तेव्हा तिने फडकं डब्यामागे लपवलं.

सकाळी नगरपालिकेची दोन माणसं येऊन गेली होती. बाजारपेठ आणि नदीकाठ नव्याने बांधायचा म्हणून वर्षभर गावात नकाशे फिरत होते. समोरचा काठ तर झालाही होता. चाळीस घरं तीन दिवसांत सपाट झाली, आणि आता तिथे कापलेलं गवत होतं, दिवे होते, बाकं होती. तिथले घड्याळवाले आजोबा नगरपालिकेने दिलेल्या, एसटी डेपोमागच्या खोल्यांत राहायला गेले. पाणी प्यायला उठायचे आणि दुसऱ्याच्याच दारात जाऊन उभे राहायचे. दोन महिन्यांत त्यांनी अंथरूण धरलं. ते आठवलं की तिला आपल्या माणसाकडे बघवत नसे. झटक्याने पेंटरची अर्धी नजर नेली होती आणि जीभ जड केली होती. पण या घरात तो हातांनी बघायचा. जिन्याचा कठडा, पाण्याचं पिंप, खिडकीची कडी, सगळं त्याच्या तळहाताला पाठ होतं. इथून उचलला तर त्याच्यातलं किती उरेल, याचा हिशेब ती करायलाच धजत नव्हती.

त्या माणसांनी प्रत्येक दाराशेजारी एक अक्षर काढलं, पुढे टिंब दिलं. तिच्या भिंतीवर ‘का.’ आला. तिने उंबऱ्यातूनच विचारलं होतं,

“दादा, हे ‘का’ म्हणजे काय हो?”

डबा सायकलला अडकवत तो म्हणाला,

“बाई, काढायचं ते काढतील, राहायचं ते राहील. आम्ही नुसते ब्रशवाले.”

ते गेल्यावर ती ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. दहा दारं, नऊ ‘का’. ‘रा’ फक्त एक, आणि तोही तिच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या टेलरकाकूंच्या दाराशी. काढायचं. राहायचं. ती परत आली, पेंटरला भरवलं, त्याला आडवं केलं, त्याचा डोळा लागेपर्यंत शेजारी बसली. मग डबा उचलला.

आधी वाटलं, आपला तेवढा बदलावा. पण ओळीत दोन ‘रा’ झाले तर कुणीतरी कागद काढून मोजणार. एकच होता, एकच राहायला हवा होता. म्हणून ती काकूंच्या भिंतीपाशी उभी होती.

सगळ्यात अवघड गेलं ते वाईट लिहिणं. आयुष्यभर पेंटरने शिकवलेलं सगळं हाताला विसरायला लावावं लागलं. शिरोरेषा तिरकी, काना आखूड, टिंबाखाली ओघळ. काकूंच्या भिंतीवर ‘का.’ झाला, तिच्या स्वतःच्या भिंतीवर ‘रा.’ झाला. देवाचं नाव ओठांवर आलं होतं, ते तिने तसंच गिळलं. या कामात त्याला कशाला बोलवायचं?

संध्याकाळी माणसं परतली आणि ओळीत कल्ला झाला. किल्लीवाला आपल्या दारासमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

“‘का’ म्हणे! अरे, हे आम्ही तुम्हाला विचारायचं ना!”

“पेंटरबाई, तू होतीस ना घरी? काय म्हणाले ते?” टेलरकाकूंनी विचारलं.

तिने त्या माणसाचं वाक्य सांगितलं, शब्दाला शब्द. तेवढं खरं होतं. बाकीचा अर्थ ओळीने आपापला लावला, आणि तो लागायला फार वेळ लागला नाही. एकेक मान वळून तिच्या भिंतीकडे आली.

“कुलूप माझं, किल्ली माझी, आणि दार नगरपालिकेचं,” किल्लीवाला म्हणाला. या वेळी तो हसला नाही.

टेलरकाकू मात्र हसल्या. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी तिच्या दंडाला चिमटा काढला.

“बघा, माझी शेजारीण राहिली! आता एकटी बस नदीची हवा खात. आम्ही येऊ हो पाहुणे म्हणून. चहा देशील ना, का पाटी लावशील, ‘आत येऊ नये’?”

सगळे हसले. तीही हसली. तोंडाला कोरड पडली होती, त्यामुळे ओठ दातांना चिकटले.

“आणि ऐक,” काकू हळू आवाजात म्हणाल्या, “माझं मशीन तुझ्याकडे ठेवीन. डेपोमागे ओल आहे म्हणतात, गंज चढेल. चालेल ना गं?”

“आणा की,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेंटर भिंत चाचपत बाहेर आला. ओळीतल्या गलक्यातून त्याच्या कानावर सगळं पडलं होतं. ‘रा’ सापडल्यावर त्याची बोटं त्यावरून सावकाश फिरली, वरून खाली, मग पुन्हा वरून. ती केर भरत होती, तशीच वाकून राहिली.

“दोन हात दिलेत,” तो म्हणाला. झटक्यानंतर त्याचे शब्द एकेक करून यायचे.

“काय?”

“रंगाचे. दोन हात आहेत.” त्याने बोट अक्षरावर दाबलं. “नगरपालिकेचा माणूस... दुसरा हात देत नाही.”

तिच्या लक्षातच आलं नव्हतं. अक्षर वाईट काढलं, ओघळही सोडला, पण थोडं थांबून सवयीने दुसरा हात फिरवला होता. तिने सुपली खाली ठेवली. रस्त्यात कुणी नव्हतं, तरी तिने दोन्हीकडे पाहिलं.

“कुणाचं... होतं हे?” त्याने विचारलं.

भिंतीपलीकडे काकू मशीन सरकवत होत्या, मशीनचे पाय फरशीवर घासल्याचा आवाज येत होता. तो आवाज पेंटरने ऐकला, आणि पुन्हा विचारलं नाही. त्या दिवशी त्याने अर्धीच भाकर घेतली.

मशीन आलं, आणि मशीनमागोमाग काकूही येऊ लागल्या. “आतापासून सवय करते तुझ्या घरी यायची,” म्हणून रोज सकाळी खिडकीपाशी बसायच्या. शिवता शिवता बोलायच्या. या घरात नवरी होऊन आले तेव्हा नदी कशी होती, मुलगी मागच्या पायरीवर कशी चालायला शिकली. दोन-तीन दिवसांत बोलणं कमी झालं. मग त्या नुसत्याच पायाने मशीन हलवत बसायच्या, सुईखाली कापड नसतानाही.

त्या रिकाम्या सुईचा आवाज तिला सोसेना. नगरपालिकेची गाडी वाजली की ती दचकायची. कुणी भिंतीकडे जरा जास्त वेळ पाहिलं की कानशिलं तापायची. किल्लीवाल्याने एकदा सहज म्हटलं, “तुमचा लाल जरा उजळ दिसतो हो,” आणि तिच्या हातातून ताट सुटलं. एकदा तिने सांगून टाकायचं ठरवलं.

“काकू...”

“काय गं?”

काकूंनी वर पाहिलं. डोळ्यांखाली काळं झालं होतं.

“दोरा संपला वाटतं.”

“आहे की,” काकू म्हणाल्या. पेंटरने खाटेवर कूस बदलली आणि तोंड भिंतीकडे केलं.

नवव्या दिवशी इंजिनिअर बाई आल्या. वयाने कोवळ्याच होत्या, हातात नकाशाची गुंडाळी, बुटांना चिखल. सगळी ओळ बाहेर येऊन उभी राहिली. किल्लीवाल्याने सगळ्यांच्या वतीने विचारलं,

“ताई, एकदा सांगून टाका. सामान कधी हलवायचं?”

“कशाला हलवायचं?” त्यांनी भिंतींकडे पाहिलं, मग माणसांकडे. “तुम्हाला कुणी सांगितलं नाही? ‘का’ म्हणजे कायम. ही घरं कायम राहणार. नुसती दुरुस्ती करून रंग द्यायचाय.”

क्षणभर कुणाला काही कळेना. मग किल्लीवाला खाली जमिनीवरच बसला आणि हसू लागला, हसता हसता त्याने डोळे पुसले.

“आणि ‘रा’?” कुणीतरी विचारलं.

“राखीव. बाजारातून नदीकडे उतरायला पायऱ्या करायच्या आहेत. त्यासाठी एका घराची जागा राखीव ठेवलीय.”

हसणं थांबलं. माना पुन्हा तिच्या भिंतीकडे वळल्या, आणि या वेळी झटकन दुसरीकडे गेल्या.

इंजिनिअर बाई नकाशा उलगडत होत्या. त्या पुलाच्या बाजूने मोजत आल्या आणि टेलरकाकूंच्या दारासमोर थांबल्या.

“कागदावर ‘पाचवं घर’ आहे. पुलाकडून हे पाचवं.” त्यांनी ‘का’ पाहिला, मग शेजारचा ‘रा’. “बाजाराकडून मोजलं तर मात्र ते पाचवं. दहाची ओळ ना. कुठून मोजायचं ते इथे लिहिलेलंच नाही. आमच्या माणसांनी बाजाराकडून मोजलं असणार. त्या दिवशी घरी कोण होतं?”

“पेंटरबाई होती,” किल्लीवाला खाली बघत म्हणाला. “तीच एकटी होती.”

“बाई, ही ‘रा’ची खूण त्यांनी तुमच्याच दाराशी केली ना? नक्की? मला आज पक्कं करून द्यायचंय.”

‘नाही’ एवढंच म्हणायचं होतं. आणि ते खरं होतं. खरं बोलणं इतकं सोपं, इतकं फायद्याचं तिच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. तिने टेलरकाकूंकडे पाहिलं. काकूंनी चष्मा काढला होता आणि त्या तो बाहीला पुसत होत्या. काच कधीच स्वच्छ झाली होती, तरी पुसत होत्या. त्यांच्या खांद्यांवरून नऊ दिवसांचं ओझं उतरलेलं दिसत होतं, आणि ते शेजारणीला दिसू नये म्हणून त्या मान वर करत नव्हत्या.

मागे हात भिंतीवरून सरकल्याचा आवाज आला. पेंटर दारात येऊन उभा राहिला.

“दुसरी जागा... कुठे देता?” त्याने विचारलं.

“डेपोमागे नाही, काका. नव्या बाजाराच्या मागच्या अंगाला. तळमजल्याची खोली आहे, उजेड चांगला आहे.”

त्याने मान हलवली. तिच्याकडे पाहिलं नाही. चौकटीवरचा हात मात्र तिथेच राहिला, बोटं लाकडात रुतल्यासारखी.

तिने पेंटरचा तो हात पाहिला.

“हो,” ती म्हणाली. “इथंच केली.”

इंजिनिअर बाईंनी कागदावर टिंब केलं, तीन महिन्यांची मुदत सांगितली आणि नकाशा गुंडाळून पुलाकडे निघाल्या. माणसं एकेक करून आत गेली, हळू, दारं न वाजवता. टेलरकाकू जवळ आल्या. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, उचलला, आणि आपल्या घरात गेल्या.

ती आत आली तेव्हा पेंटर खाटेच्या कडेला बसला होता.

“त्या खोलीचं दार,” तो म्हणाला, “आत उघडतं, की बाहेर?”

“विचारलं नाही.”

“मला... कळायला हवं. नाहीतर आदळेन.” त्याने खाटेची कड चाचपली. “विचारून ये. पुलापर्यंतच गेली असेल ती.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. तो खिडकीच्या दिशेला बघत होता, जिकडे त्याला काही दिसत नसे.

ती निघाली. चपला घालायच्या राहिल्या ते तिला रस्त्यातले खडे टोचल्यावर कळलं. पूल चढताना धाप लागली. इंजिनिअर बाई कठड्यापाशी उभ्या राहून पलीकडच्या काठाचा फोटो काढत होत्या. पावलं ऐकून वळल्या.

“काय बाई? एवढ्या घाईने आलात. काही सांगायचं राहिलं का?” त्यांनी गुंडाळी काखेतून काढली. “सांगा, अजून कागद दिलेला नाही मी.”

तिने कठडा धरला. खाली पाणी संथ चाललं होतं. इथून दहाही घरं दिसत होती, आणि त्यांच्या मधोमध दोन खिडक्या, एकीला लागून एक.

“त्या खोलीचं दार,” ती म्हणाली, “आत उघडतं, की बाहेर?”