सुलतान तहमुरसची नौबत

मित्रांनो, मी एक जुना, तांब्याचा नगारा आहे. अनातोलियाच्या डोंगरात, काराहान गडाच्या वेशीवर मी दिवसातून पाच वेळा वाजत असे. माझी नौबत ज्याच्या नावाने झडे, तोच सुलतान.

उंटाचं कातडं चढवून मला पहिल्यांदा वाजवलं ते एकोणीस वर्षांच्या तहमुरसच्या राज्यारोहणाला. तहमुरस हे दरबारी नाव, जुन्या इराणी राजांच्या कथांतून घेतलेलं. घरी आई तेरकेन त्याला तोगान म्हणे. दरबारात तो फारसीत कविता म्हणायचा. आईपुढे बसला की गावरान तुर्कीत गप्पा मारत घोडीचं आंबवलेलं दूध प्यायचा.

अकरा वर्षं त्याने राज्य केलं. नदीवर पूल बांधला, व्यापाऱ्यांसाठी सराई उभी केली. माझ्या ठोक्यावर बाजार उघडे. मला मोठा अभिमान वाटे.

मग धाकटा भाऊ सुंगुर फौज घेऊन आला. बापाने वाटणीत त्याला काहीच दिलं नव्हतं. चाळीस दिवस वेढा पडला. घरोघरी घोड्यांचे जव शिजू लागले.

एका सकाळी सगळे माझ्याजवळ जमले. वजीर म्हणाला, "हुजूर, युद्धाची नौबत झडू द्या. वेस उघडून तुटून पडू."

तेरकेन म्हणाली, "जा की. दोघांनाही मीच पाजलंय. कुणासाठी रडायचं, तेवढं सांगून जा."

तहमुरस बराच वेळ तटाखालच्या तंबूंकडे बघत राहिला. मग माझ्या वादकाला, बेकताशला म्हणाला, "उतरव याला. खेचरावर लाद."

मला लाज वाटली, मित्रांनो. शत्रूच्या तंबूसमोर मी मुकाट उभा होतो. तेरकेनही खेचरामागून चालत आली होती.

"ही नौबत तुझी," तहमुरस भावाला म्हणाला. "गावाला हात लावायचा नाही."

सुंगुर संशयाने माझ्याभोवती फिरला. "आणि तू रे, दादा?"

"नदीकाठची जर्दाळूची बाग दे. आई माझ्याकडे राहील."

"का म्हणून? सहा महिने माझ्याकडे."

"मी काय उंटीण आहे वाटून घ्यायला?" तेरकेन म्हणाली. "आधी भाकरी आणा. चाळीस दिवस जव खातेय."

सुंगुरला हसू फुटलं. हसता हसता तो खाली बसला आणि त्याने तोंड झाकून घेतलं. त्याने शब्द दिला आणि पाळलाही.

संध्याकाळी मी सुंगुरच्या नावाने वाजलो. वेशी उघडल्या, पिठाची पोती आत आली, चुली पेटल्या. दुसऱ्या दिवशी बेकताश बागेत गेला, तर तहमुरस झाडाखाली घोरत होता. अकरा वर्षांत तो इतका वेळ कधी झोपला नव्हता, असं तेरकेनने कौतुकाने सांगितलं.

आता मी सराईच्या कोठीत पडून आहे. कातडं उंदीर कुरतडतात. मित्रांनो, जमलं तर त्याला थोडी चरबी चोळा. लढाईसाठी मात्र मला वाजवायला आलात, तर आधी तटावर जाऊन खाली कोण उभं आहे ते नीट बघून या. तोवर मी थांबेन.