नवं त्याचं, उतरलेलं तिचं

“म्हणे जर्दाळूचा रंग! कावीळ झालीय याला, कावीळ! आणि मी बसलेय डॉक्टर होऊन!”

बारकी स्वतःशीच पुटपुटत होती. पण तिचं टेबल स्वयंपाकघर आणि बाथरूमच्या मधल्या चिंचोळ्या जागेत होतं, फ्रीजला पाठ लावून. तिथं कुणी उसासा टाकला तरी ओट्यापाशी ऐकू यायचा. आईनं भाजी निवडता निवडता मान वर केली.

“काय गं सारखी कुरकुर?”

“मी नाही कुरकुरत. हा मॉनिटर कुरकुरतोय. पांढरं पिवळं दाखवतो, पिवळं आणखी पिवळं दाखवतो. मी रंग तपासू कशी?”

“अंदाज घे ना. तुझा डोळा चांगला आहे.”

“आई, डोळा चांगला असला तरी चष्म्यावर हळद फासून कसं दिसेल?”

आईनं भाजीचे देठ जरा जोरात मोडले. शेजारच्या बंद खोलीतून बंदुकांचा आवाज आला, मग स्फोट, मग “हाणला! हाणला!” अशी आरोळी. तो बाळ. बाळ म्हणजे बारकीचा थोरला भाऊ. दाढी आलेला, खांदे रुंद झालेला, पण घरात अजून बाळच.

बारकी एका कापडगिरणीसाठी घरून काम करायची. कापडावर नक्षी छापायची, तर आधी तिचे रंग बघून पास करायचे, हे तिचं काम. तिनं पास केलं की गिरणीत यंत्र सुरू व्हायचं. असं काम घरून करणारी गिरणीतली ती पहिलीच. ते नीट जमलं तर तिला नोकरीत कायम करणार होते. नाही जमलं तर घरून काम करायची ही पद्धतच बंद, आणि बारकीही बंद.

म्हणून गिरणीनं तिला एक मॉनिटर पाठवला होता. मोठा, बारीकातली बारीक रेष दिसेल असा, रंग जुळवून, खालच्या कडेला गिरणीच्या नावाचं चिकटपत्र लावून. तो घरी आला तेव्हा बारकी गिरणीतच होती, काम शिकायला. खोकं आई-बाबांनी उतरवून घेतलं. आईनं मॉनिटर मऊ फडक्यानं पुसला. बाबांनी दोन्ही हातांनी उचलला, लहान बाळ उचलावं तसा. आणि दोघांनी मिळून तो नेऊन ठेवला मुलाच्या खोलीत!

कुणी कुणाशी चर्चा केली नाही. चर्चा करण्यासारखं त्यांना काही वाटलंच नाही. घरात नवं आलं की ते बाळचं, आणि बाळचं जुनं उतरलं की ते बारकीचं. सायकल तशीच आली होती, चेन सैल झाल्यावर. खुर्ची तशीच आली, एक हात मोडल्यावर. हेडफोन आला तो एकाच कानात वाजणारा. त्याच चालीवर बाळचा थकलेला, पिवळा पडलेला मॉनिटर आता फ्रीजजवळच्या टेबलावर आला.

बारकी परत आली तेव्हा आई हसून म्हणाली, “तुझ्यासाठी दादाचा मॉनिटर लावलाय बघ. चांगलाच आहे तो.”

“आणि माझा?”

“त्याच्या खोलीत. त्याला मोठा लागतो गं खेळायला. अदलाबदल केली, एवढंच.”

अदलाबदल! किती गोड शब्द आहे ना! घरात सगळ्यांनी तो लगेच उचलला.

बारकी भांडली. नाही असं नाही. बाळ म्हणाला, “स्पर्धा होऊ दे माझी, मग देतो.” स्पर्धा झाली. त्यात तो हरला, आणि हरला का, तर म्हणे चित्र अडकतं. स्क्रीन एवढा मोठा आणि ग्राफिक्स कार्ड जुनं, मग चित्र अडकणारच. म्हणून नवं कार्ड आलं. कार्डाला पॉवर सप्लाय पुरेना, तो बदलला. तो जुन्या कॅबिनेटमध्ये मावेना, कॅबिनेट बदललं. कॅबिनेट गरम व्हायला लागलं, पंखे वाढवले. ते टेबलावर बसेना, मोठं टेबल आलं. टेबल खोलीत मावेना, म्हणून बारकीचं कपाट बाहेर आलं. आता हे यंत्र उद्या भिंत मागेल, परवा शेजाऱ्यांचं घर मागेल, आणि आई-बाबा फडकं घेऊन पुसायला उभे राहतील!

“दादा, आता दे ना रे माझा मॉनिटर.”

“अगं वेडी का तू? हे कार्ड त्याच स्क्रीनसाठी घेतलंय. तो काढला तर कार्ड वाया नाही का जाणार?”

“आणि माझं काम वाया गेलं तर?”

“तू रंग तर बघतेस. त्याला काय लागतं? माझ्याकडे एका सेकंदात शंभर चित्रं पळतात!”

बाबा पेपरामागून म्हणाले, “घरातल्या घरात वाद नको.” पेपर त्यांनी जरा वर धरला. इतका वर, की आता वाचताही येईना.

वाचकहो, या घरात बारकीला कुणी मारत नव्हतं. उपाशी ठेवत नव्हतं. शिकू दिलं, नोकरी करू दिली, बाहेर चारचौघांत “आमची बारकी भारी हुशार” असंही सांगत. म्हणून तर जास्त राग येतो! मारलं असतं तर वळ दिसले असते, कुणी विचारलं तरी असतं. मोडक्या हाताच्या खुर्चीचा वळ कुठं उठतो?

बारकीनं शेवटी त्या पिवळ्या स्क्रीनवरच काम केलं. लहान बाळांच्या दुलयांचं कापड होतं. जर्दाळूचा फिका, ऊबदार रंग हवा होता. स्क्रीन तिला सगळं पिवळं दाखवायचा, म्हणून ती त्यातलं पिवळं थोडं थोडं कमी करत गेली. तिच्या डोळ्यांना जर्दाळू दिसला तेव्हा तिनं पास केलं. यंत्र सुरू झालं.

आणि मग एके दुपारी दारात रंगखात्याच्या बाई उभ्या राहिल्या. बारकीच्या वरिष्ठ. केस आखूड, चेहरा इस्त्री केल्यासारखा. खांद्याला पिशवी. पाणीसुद्धा न घेता त्यांनी पिशवीतून कापड काढलं आणि खिडकीशी नेऊन उजेडात धरलं.

आईच्या तोंडून “अगंबाई!” निघून गेलं. कापड निळसर पडलं होतं. मुका मार लागून काळंनिळं व्हावं तसं.

“ही दुलई तुम्ही तुमच्या नातवंडावर घालाल?” बाईंनी विचारलं. “सगळा लॉट असा आला. पोरी, हे तू पास केलंस?”

“हो.”

“कशावर बघितलंस?”

बारकी त्यांना फ्रीजजवळ घेऊन गेली. बाबांनी तेवढ्यात हळूच बाळच्या खोलीचं दार ओढून घेतलं. बाईंनी मॉनिटर बघितला, त्याची खालची कड बोटानं चाचपली. चिकटपत्र नव्हतं.

“आम्ही पाठवलेला कुठं आहे?”

आईनं बारकीकडे बघितलं. बाबांनी बारकीकडे बघितलं. दोघांच्या नजरेत एकच विनवणी होती: सांभाळून घे!

आणि तिनं सांभाळून घेतलं. “दुरुस्तीला दिलाय.”

“आम्हाला न कळवता?”

“चुकलं माझं. कापडाचंही… माझाच डोळा चुकला, बाई.”

बाई खाली बसल्या. त्याच मोडक्या खुर्चीत. नसलेल्या हातावर कोपर टेकवायला गेल्या आणि कलंडल्या, सावरल्या. त्या खुर्चीकडे बघत राहिल्या.

“हे बघ. तुझा डोळा चुकतो असं मी वर सांगितलं, तर या धंद्यात तुला पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही. आपल्याकडे विकायला दुसरं काही नसतं, डोळाच असतो. मी तुला सात जणींतून निवडलं ते त्याच्याच जिवावर. आता पुन्हा विचारते. चुकला?”

“चुकला,” बारकी म्हणाली.

तेवढ्यात खोलीचं दार धाडकन उघडलं. गळ्यात हेडफोन अडकवून बाळ बाहेर आला. “आई, कधीचा ओरडतोय, काहीतरी खायला—” आणि थांबला.

त्याच्यामागं खोलीत तो मॉनिटर लखलखत होता. त्यावर हिरवीगार दरी होती, दरीत धूर होता, धुरात पडलेली मढी होती. आणि खालच्या कडेला गिरणीचं चिकटपत्र, जसंच्या तसं.

बाई उठल्या. कुणाला न विचारता आत गेल्या. “दुरुस्ती छान चाललीय,” त्या म्हणाल्या.

“अहो, नुसती अदलाबदल केलीय,” बाळ म्हणाला. “घरातल्या घरात. स्क्रीन तो स्क्रीन, त्यात एवढं काय!”

“एवढं काय ते बघू या. पोरी, इकडे ये. तुझं काम उघड यावर.”

बारकी आत आली. स्वतःच्या मॉनिटरसमोर ती पहिल्यांदाच बसत होती. तिनं नक्षी उघडली. दरी गेली, धूर गेला आणि समोर आला तो निळसर, मुका मार लागलेला रंग. बाईंनी कापड शेजारी धरलं. दोन्ही तंतोतंत सारखे.

“मी… मी माझंच काम आज बघतेय,” बारकी म्हणाली. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला रडू आलं. तोंड दाबूनसुद्धा आवरेना.

बाळ स्क्रीनकडे बघत होता. कापडाकडे बघत होता. तो दुष्ट नव्हता हो! त्याला आजवर कुणी ‘नाही’ म्हटलंच नव्हतं. माणूस बिघडायला तेवढं पुरतं. त्यानं गळ्यातला हेडफोन काढला, कुठं ठेवावा ते त्याला कळेना.

बाबा खाकरले. “बाई, जरा गैरसमज झालाय. अदलाबदल झाली, मुलंच ती. आम्ही आजच पुन्हा जागच्या जागी—”

“तुम्ही मॉनिटर परत ठेवाल हो,” बाई म्हणाल्या. “आता या पोरीची खोली दाखवा मला.” बाबांनी फ्रीजजवळच्या टेबलाकडे बघितलं. “खोली नाही. बरं, खुर्ची दाखवा. धड अशी? तीही नाही. मग मॉनिटर परत ठेवून काय होणार? उद्या दुसरं काही येईल, आणि तेही आधी याच दारातून आत जाईल. मला संध्याकाळी वर उत्तर द्यायचंय. डोळा चुकला, हे तिनं स्वतः सांगितलंय. दुसरं कुणाला काही सांगायचं नसेल, तर मी तेच सांगेन. तुमच्या तोंडून आल्याशिवाय दुसरं कारण माझ्याकडे नाही.”

बाबांनी आईकडे बघितलं. बाळनं जमिनीकडे बघितलं. बारकी डोळे पुसून म्हणाली, “तेच सांगा, बाई. जाऊ दे.”

त्या ‘जाऊ दे’नं आई हलली. किती वर्षं हा शब्द ती या पोरीच्या तोंडून ऐकत होती, आणि ऐकून सुटकेचा निःश्वास टाकत होती! ती टेबलामागं गेली. खाली वाकली, वायरींच्या जंजाळात हात घातला. बाळ म्हणाला, “आई, अगं सेव्ह नाही केलं मी…” आणि स्वतःच गप्प झाला. तिनं वायर उपटली. मॉनिटर काळा झाला. तिनं तो दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरला आणि बाईंपुढे उभी राहिली.

“तिचा डोळा नाही चुकला. लिहून घ्या. हे खोकं आलं, त्यावर हिचं नाव होतं, मी वाचलं होतं. वाचून त्याच्या खोलीत नेलं. नवं त्याचं आणि उतरलेलं हिचं, हा कायदा या घरात मी केला. ह्यांनी पेपरामागून मान डोलावली, पण केला मीच. मी स्वतः आयुष्यभर उतरलेलंच वापरत आले, म्हणून मला ते दिसलं नाही असं म्हणायला मी मोकळी आहे. पण दिसत होतं मला. पोरगी समजूतदार आहे, समजूतदार आहे, असं म्हणत म्हणत आम्ही तिच्या तोंडचा घास काढत आलो.”

“अगं, अदलाबदल…” बाबा पुटपुटले.

“अदलाबदल दोघांना विचारून होते!” आई कडाडली. “हिला कोणी विचारलं? तुम्ही? मी? न विचारता घेतात त्याला एकच शब्द आहे, आणि या घरात तो आजवर कुणी उच्चारला नाही. मी उच्चारते. चोरी! आम्ही आमच्याच मुलीचं चोरलं.”