पंचवीस माणसं

सुरभी गच्चीवरच्या टाकीवर चढली आणि तिनं मोबाइल डोक्यावर धरला. वरसे गावातल्या त्या घरात एवढ्या एकाच जागी धड रेंज मिळायची. सात वाजून बारा मिनिटं झाली होती. साडेसातला मुदत संपणार होती. ओठ दाताखाली धरून तिनं 'नाव मागे घ्या'वर बोट टेकवलं आणि डोळे गच्च मिटले. उघडले तेव्हा पुण्याच्या टेनिस स्पर्धेच्या यादीत तिचं नाव नव्हतं.

झालं! आठ वर्षं जिच्यासाठी जिवाचं रान केलं, ती गोष्ट एका बोटानं संपली. जगात आठशेबत्तिसावी असलेली ही पोर कधी नव्हे ती थेट मेन ड्रॉमध्ये, म्हणजे मुख्य फेरीत, आली होती, तीही करोनामुळे. विमानं बंद, परदेशी मुली आपापल्या देशात अडकलेल्या, त्यामुळे यादी सरकत सरकत हिच्यापर्यंत पोचली. पण स्पर्धा तीनदा पुढे गेली आणि प्रणिताताईचं लग्नही तीनदा पुढे गेलं. दोन्ही येऊन आदळली ती नेमकी एकाच सोमवारी. गुरुजींनी काढीव मुहूर्त दिलेला, तो आता हलणार नव्हता, आणि करोनाच्या नियमानं खेळाडूंनी शनिवारीच हॉटेलात शिरायचं, हरेपर्यंत बाहेर पाऊल टाकायचं नाही. पुढची स्पर्धा कधी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. एक तारखेपासून तर सुरभी धाटावच्या कंपनीत पॅकिंगला लागणार होती. तसा शब्द तिनंच बाबांना दिला होता.

जाऊ दे, चुलीत जाऊ दे ते टेनिस. बहीण एकच आहे.

डोळे पुसून ती खाली आली. ओटीवर प्रणिता अक्षतांच्या पुड्या बांधत बसली होती. बाबा कोपऱ्यात, कंपनीच्या कॉलनीवरून ड्यूटी करून आलेले, अंगात अजून वॉचमनचा गणवेश.

"ताई, एक सांगायचं हाय."

"आधी माझं ऐक." प्रणितानं मान वर केली नाही. "पोलीस स्टेशनला यादी दिली आज. करोनामुळं दोन्हीकडची मिळून पन्नासच माणसं चालतात, आपल्याकडची पंचवीस. शिक्का मारून घेतला. पेणच्या हॉलवाल्याला झेरॉक्स पन दिली."

"मग?"

"त्यात तुझं नाव नाय."

सुरभी दाराची चौकट धरून उभी राहिली.

"तुझ्या जागी गागोद्याची अनिताआत्या घेतली. नाव नाय म्हणून रुसून आठ दिस फोन उचलत नव्हती गो ती. आज नाव घातलं म्हणून सांगितलं, तर रडायलाच लागली. आता तू मागे बघायचं नाय. शनिवारी जायचं नि खेळायचं."

बाबा बुटाची नाडी सोडत होते. ती सुटता सुटत नव्हती.

सुरभीनं मान वळवली. भिंतीवरच्या घड्याळात सात एकवीस! ती तीन-तीन पायऱ्या गाळत परत गच्चीवर धावली, टाकीवर चढताना गुडघा फुटला, तिकडं बघायला वेळ कुणाला होता? स्पर्धेच्या ऑफिसचा फोन चौथ्या खेपेला लागला.

"सर, चुकून दाबलं गेलं. माझं नाव परत घाला. अजून सात मिनिटं आहेत, सर!"

"मॅडम, नाव काढायची मुदत आहे, परत घालायची नाही. पुढची मुलगी वर सरकली. तिला कळवलंसुद्धा."

"सर, पाया पडते तुमच्या."

पलीकडचा माणूस भला होता. सॉरी म्हणाला.

ती टाकीला पाठ लावून बसली आणि नुसत्या तळहातानं तोंड दाबून रडली. खाली जाऊन खरं सांगावं? मग ताई आत्याला नको म्हणेल? ती म्हातारी नवं लुगडं काढून बसली असेल. आणि ताईला कळलं, की दोघींनीही उगाचच सोडलं, तर ती बोहल्यावर कुठल्या तोंडानं उभी राहील?

"काय सांगायचं होतं गो?" ती जेवायला आली तेव्हा प्रणितानं विचारलं.

"काय नाय. बॅग भरायची हाय, एवढंच."

शनिवारी बाबांनी तिला मोटारसायकलवरून वडखळ नाक्यावर आणलं. रॅकेटची बॅग त्यांनी स्वतःच्या खांद्यावर घेतली होती. पुण्याची गाडी यायची होती. सुरभीनं ठरवलं होतं, बाबा वळले की रस्ता ओलांडायचा आणि कुठंही जायचं. पण बाबा काही वळेनात.

"बाबा, जा तुम्ही. घरी हळदीची कामं पडली असतील."

"बसवून जातो." त्यांनी मास्क हनुवटीखाली ओढला. "सुरभी, तुझं नाव प्रणितानं नाय खोडलं. ती तीन दिस माझ्याशी भांडत व्हती. मी खोडलं."

"तुम्ही?" सुरभी म्हणाली.

"तू लग्नाला थांबली असतीस. मी काय तुला वळखत नाय? म्हटलं, यादीतच नाव नसलं तर थांबशील कशी? माझ्या पोरीच्या लग्नात माझीच दुसरी पोर नाय, लई जड गेलं गो. पण तू खेळ."

"बाबा, मी..."

गाडी आली. बाबांनीच बॅग आत चढवली, खिडकीजवळची सीट धरून दिली आणि खाली उतरून खिडकीशी उभे राहिले. कंडक्टर मशीन घेऊन तिच्यापाशी आला.

"कुठं जायचं, ताई?"

सुरभी खाली मान घालून पाकिटात उगाच पैसे चाचपत राहिली. कंडक्टरनं पुन्हा विचारलं.

तेवढ्यात खालून बाबा साऱ्या गाडीला ऐकू जाईल असे ओरडले, "पुन्याला! आमच्या पोरीची मॅच हाय!"

दोन-चार माणसांनी वळून तिच्याकडे कौतुकानं पाहिलं. कंडक्टर हसला आणि त्यानं पुण्याचं एक तिकीट काढलं.